नकाशावरची रेघ आणि अमेरिकेतल्या सरकारी शाळा

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो: "तिथलं स्कूल डिस्ट्रिक्ट कसं आहे?" घराचा भाव, ऑफिसचं अंतर, वाणसामानाचं दुकान हे सगळं त्यानंतर. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना असलेल्या सारख्याच घरांच्या किमती वेगळ्या असू शकतात, कारण मधून डिस्ट्रिक्टची हद्द गेलेली असते. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवण्याचे खटले, शाळा सुधारण्याचे कायदे, शाळांमध्ये आलेले संगणक हे तीन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. पण तिन्हींची गाडी पुन्हा पुन्हा याच हद्दीपाशी येऊन अडली आहे.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. शाळा चालवण्यासाठी असलेलं ते एक छोटं स्थानिक सरकार असतं. त्याचं निवडून आलेलं मंडळ असतं, स्वतःचा अधीक्षक आणि अर्थसंकल्प असतो, आणि बहुतेक राज्यांत स्वतःचा करही असतो. देशभर अशी साधारण १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांच्या शाळांत जवळपास ५ कोटी मुलं शिकतात. आकार मात्र राज्यागणिक बदलतो. फ्लोरिडात प्रत्येक काउंटीला (म्हणजे राज्याच्या, आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाला) एक, अशी ६७ डिस्ट्रिक्ट आहेत. त्याहून कितीतरी लहान असलेल्या न्यू जर्सीत पाचशेहून अधिक आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

घरपट्टीवर चालणारी शाळा

सरकारी शाळांचा खर्च ढोबळमानाने असा भागतो: थोडा कमी निम्मा राज्य सरकारकडून, तितकाच स्थानिक करातून आणि उरलेला, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास, केंद्राकडून. स्थानिक करातला मोठा भाग म्हणजे मालमत्ता कर, आपल्या भाषेत घरपट्टी. महागडी घरं असलेल्या हद्दीत कमी दरानेही भरपूर पैसा जमतो. स्वस्त घरं असलेल्या हद्दीत दर कितीही वाढवला तरी तिजोरी भरत नाही.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराचे १९६७-६८ चे आकडे न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेले आहेत. एजवुड हे प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या लोकांचं डिस्ट्रिक्ट. तिथे एका विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची. शेजारच्या अलामो हाइट्समध्ये ती ४९,००० डॉलरहून जास्त. एजवुडने १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर असा त्या भागातला सर्वांत चढा दर लावला. राज्याच्या योजनेतला आपला वाटा भरून त्यांच्या हाती विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरले. अलामो हाइट्सने दर लावला ०.८५ आणि त्यांच्याकडे उरले ३३३ डॉलर. राज्याचे आणि केंद्राचे पैसे मिळवल्यावरही एजवुडच्या मुलामागे ३५६ डॉलर, तर अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४ डॉलर खर्च होत होते. म्हणजे गरीब वस्ती जास्त दराने कर भरत होती आणि तिच्या मुलांच्या वाट्याला कमी येत होतं.

एजवुडचे पालक देमेत्रिओ रॉड्रिगेझ यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला: शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि पैशातली ही तफावत घटनेचा भंग करत नाही. त्यानंतर हे खटले राज्यांच्या न्यायालयांत आणि राज्यांच्या घटनांखाली लढवले गेले. टेक्सासमध्ये १९८९ साली एजवुड जिंकलं आणि पुढे श्रीमंत डिस्ट्रिक्टचा काही कर गरिबांकडे वळवण्याची पद्धत आली. पण देशभर एकच नियम लागू करण्याची वाट त्या एका मताने बंद झाली ती झालीच.

एका वर्गात बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

१८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात "वेगळं पण समान" हे तत्त्व मान्य केलं होतं. वाद होता रेल्वेच्या डब्यांचा, पण दक्षिणेतल्या राज्यांनी त्याच्या आधारावर शाळाही वेगळ्या ठेवल्या. वेगळेपण कसोशीने पाळलं गेलं, समानता कधीच आली नाही. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावात कृष्णवर्णीयांच्या शाळेत गर्दी इतकी झाली की डांबरी कागद ठोकलेल्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये वर्ग भरायचे. १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने तिथे विद्यार्थ्यांचा संप घडवला. त्यातून उभा राहिलेला खटला, कॅन्ससमधल्या टोपिका शहराचा, दक्षिण कॅरोलायनाचा आणि डेलावेअरचा असे खटले एकत्र करून १७ मे १९५४ रोजी ब्राउन निकाल लागला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन आणि बाकीचे आठही न्यायाधीश एकमताने म्हणाले की शाळांमधलं वेगळेपण हीच असमानता आहे. फिर्यादींच्या वकिलांचे प्रमुख होते थरगुड मार्शल, जे पुढे त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले.

निकालात तत्त्व होतं, कृती नव्हती. वर्षभराने दुसरा आदेश आला, त्यात मुदत न देता "सावधपणे पण शक्य तितक्या वेगाने" अशा अर्थाची मोघम भाषा वापरली गेली. विरोधकांनी तिच्यातला सावधपणा उचलला आणि वेग सोडून दिला. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकला नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोहोचवायला अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं. ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत फार्मव्हिल येतं, तिथल्या मंडळाने तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षं गेली, आणि काहींची शाळा कायमची सुटली.

ब्राउन निकालाला दहा वर्षं झाली तेव्हा दक्षिणेतली जेमतेम दोन टक्के कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांचं बहुमत असलेल्या शाळांत होती. १९७० पर्यंत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर गेलं. सहा वर्षांत हे कसं झालं? दोन कायदे एकमेकांना जोडले गेले म्हणून. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सांगितलं की भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही. १९६५ च्या शिक्षण कायद्याने गरीब मुलांच्या शाळांसाठी केंद्राचा मोठा निधी पहिल्यांदा देऊ केला. गमावण्यासारखं काहीतरी हातात आल्यावरच मंडळं हलली. सुधारणांच्या एकूण इतिहासात इतकी परिणामकारक जोडी मला दुसरी दिसत नाही.

तरी पळवाटा होत्याच. सर्वांत लोकप्रिय पळवाट म्हणजे "निवडीचं स्वातंत्र्य". व्हर्जिनियाच्या न्यू केंट काउंटीत दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची, एक कृष्णवर्णीयांची. वस्ती सरमिसळ होती, दोन्ही शाळांच्या बस सगळ्या काउंटीत एकमेकींच्या वाटा ओलांडत फिरायच्या. मंडळ म्हणालं, ज्याने त्याने हवी ती शाळा निवडावी. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने दुसरी शाळा निवडली नाही आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुलं जुन्याच शाळेत राहिली. ज्या घरातल्या माणसाची नोकरी गोऱ्या मालकाकडे आहे, ते घर मुलाचं नाव गोऱ्यांच्या शाळेत घालताना शंभर वेळा विचार करणारच. १९६८ साली न्यायालयाने हा मार्ग बंद केला आणि सहा गोष्टी तपासायला सांगितल्या: विद्यार्थी, शिक्षक, इतर कर्मचारी, बस, अभ्यासाबाहेरचे उपक्रम आणि इमारती व सोयी. या सहांत जुन्या भेदाचं नाव उरलं नाही, तरच न्यायालयाची देखरेख संपते. न्यायालयांच्या देखरेखीखालची शंभराहून अधिक प्रकरणं अजूनही उघडी आहेत.

चार्लट आणि डेट्रॉइट

उत्तर कॅरोलायनातल्या चार्लटमध्ये १९७१ साली बसने मुलं नेण्याच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. योजना प्रत्यक्षात अशी होती. शहराच्या आतली एक कृष्णवर्णीयांची प्राथमिक शाळा आणि बाहेरच्या दोन-तीन गोऱ्यांच्या शाळा यांचा एक गट करायचा. पहिली ते चौथीची कृष्णवर्णीय मुलं बसने बाहेरच्या शाळांत जायची आणि पाचवी-सहावीची गोरी मुलं आतल्या शाळेत यायची. एकच इमारत सगळ्या इयत्तांसाठी न वापरता इयत्ता वाटून घेतल्या की दोन्ही बाजूंच्या मुलांचा प्रवास होतो. तरीही लहान वयात आणि जास्त वर्षं प्रवास करावा लागला तो कृष्णवर्णीय मुलांनाच, आणि देशभरच्या योजनांत हा कल दिसतो.

चार्लटमध्ये हे टिकलं याचं कारण नकाशात आहे. तिथलं डिस्ट्रिक्ट म्हणजे सगळी काउंटी, सुमारे ५५० चौरस मैल, शहर आणि उपनगरं एकत्र. नाराज गोऱ्या कुटुंबाने उपनगरात घर घेतलं तरी ते त्याच डिस्ट्रिक्टमध्ये राहायचं.

डेट्रॉइटमध्ये उलट परिस्थिती होती. शहराचं डिस्ट्रिक्ट वेगळं आणि भोवती ८५ उपनगरी डिस्ट्रिक्ट. १९३० च्या दशकापासून सरकारी गृहकर्ज यंत्रणांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवून तिथे कर्ज देणं जोखमीचं ठरवलं होतं. उपनगरांत घरं घेणं गोऱ्यांना सोपं होतं, कृष्णवर्णीयांना जवळपास अशक्य. १९७० पर्यंत शहराच्या शाळांतली बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय झाली होती. फक्त शहरातल्या शहरात मुलं फिरवून काही साधणार नव्हतं, म्हणून न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट योजनेत घेतली. १९७४ साली मिलिकन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द केलं. त्या उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं किंवा हद्दी त्या हेतूने आखल्याचं सिद्ध झालं नाही, तर त्यांना यात ओढता येणार नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. थरगुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं. प्रत्येक महानगराची एक गोरी आणि एक काळी अशी दोन शहरं होऊ देणं आज सोपं वाटेल, पण देशाला त्याचा पस्तावा होईल, असा त्याचा आशय होता.

ब्राउन निकाल सगळ्यांना पाठ असतो, मिलिकनचं नाव क्वचित कोणी घेतं. माझ्या मते आजच्या अमेरिकी शाळा समजायच्या तर मिलिकन जास्त महत्त्वाचा आहे. त्याने हद्दीला कवच दिलं. बॉस्टनमध्ये त्याच वर्षी शहरापुरतीच बस योजना सुरू झाली. साउथ बॉस्टनच्या गरीब आयरिश वस्तीतली आणि रॉक्सबरीच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं एकमेकांच्या शाळांत पाठवली गेली, दगडफेक झाली, आणि सुखवस्तू उपनगरं हद्दीपलीकडे शांत राहिली.

हे सगळं व्यर्थ गेलं, असं म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय चाचणीचे आकडे पाहावेत. १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या वाचनातला फरक १९७१ साली ५३ गुणांचा होता, तो १९८८ साली २० वर आला. याच काळात गरिबीविरोधी योजना आणि नवा निधीही आला होता, त्यामुळे सगळं श्रेय एकत्र बसण्याला देता येत नाही. पण बर्कलेचे अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी न्यायालयाच्या आदेशाखाली शिकलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग घेतला. कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण, कमाई आणि आरोग्य सुधारलेलं आढळलं, गोऱ्या मुलांचं नुकसान आढळलं नाही. मधला दुवा पैसा हाच होता: गोरी मुलं ज्या शाळेत येतात तिथे वर्ग लहान होतात आणि खर्च वाढतो.

चुकाही मोठ्या झाल्या. शाळा एकत्र करताना बंद पडली ती बहुधा कृष्णवर्णीयांची इमारत. तिचे मुख्याध्यापक उपमुख्याध्यापक झाले. ब्राउननंतरच्या दशकभरात दक्षिणेत आणि तिच्या सीमेवरच्या राज्यांत अंदाजे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी नोकऱ्या गमावल्या. आणि एका छताखाली आलेली मुलं "हुशार" आणि "साधारण" अशा तुकड्यांमध्ये पुन्हा वेगळी बसवली गेली. शाळेच्या दारातून पाहिलं तर मिश्र, वर्गाच्या दारातून पाहिलं तर जुनंच चित्र.

परीक्षांनी शाळा सुधारण्याचा प्रयोग

१९८३ साली रेगन सरकारच्या आयोगाने शिक्षण घसरल्याचा इशारा दिला आणि चर्चेचा रोख बदलला. मुलं कोणाशेजारी बसतात हा प्रश्न मागे पडला, किती गुण मिळवतात हा पुढे आला. याचं सर्वांत कडक रूप म्हणजे जानेवारी २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी सही केलेला "एकही मूल मागे नको" कायदा. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी, माध्यमिकमध्ये एकदा, आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं पात्र, म्हणजे चाचणीत ठरलेली पातळी गाठणारी.

त्यातली एक गोष्ट खरंच मोलाची होती: निकाल गटागटाने जाहीर करणं सक्तीचं झालं. कृष्णवर्णीय, लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची), गरीब, अपंग, इंग्रजी शिकणारी मुलं यांची कामगिरी सरासरीखाली दडवता येईना. पण नियम असा होता की एकही गट एका विषयात मागे राहिला तर सगळी शाळा नापास. गट मोजण्यासाठी किमान किती मुलं हवीत, हे राज्य ठरवायचं. समजा किमान आकडा ३० आहे. सगळी मुलं एकाच वंशाची आणि सुखवस्तू असलेल्या शाळेत मोजण्याजोगे एक-दोनच गट असतात. मिश्र शाळेत सहा-सात गट होतात, आणि प्रत्येक गट म्हणजे नापास होण्याची एक जास्तीची संधी. ज्या शाळांनी मुलांना एकत्र आणलं, त्यांनाच शिक्षा होण्याची शक्यता वाढली.

दुसरा बिघाड उत्तीर्णतेच्या रेषेमुळे झाला. पात्र किंवा अपात्र एवढंच मोजलं की शिक्षकाचं लक्ष रेषेच्या जरा खाली असलेल्या मुलांवर जातं. खूप मागे असलेलं मूल यंदा वर येणार नाही आणि पुढे असलेलं पडणार नाही, दोघांवरही वेळ घालवून आकडा हलत नाही. दबाव टोकाला गेला की अटलांटासारखं घडतं. २०११ च्या चौकशीत तिथल्या १७८ शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची नावं उत्तरपत्रिका बदलण्याच्या प्रकरणात आली. चुकीचं उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणांची संख्या संशयास्पद होती, त्यावरून ते उघड झालं.

नापास शाळेतल्या मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्कही कायद्याने दिला होता, पण त्याच डिस्ट्रिक्टमधल्या शाळेत. ज्या हद्दीत एकही बरी शाळा नाही, तिथे या हक्काचं करायचं काय? फारच थोड्या मुलांनी तो वापरला. डिसेंबर २०१५ मध्ये नव्या कायद्याने शिक्षांचा मोठा भाग राज्यांवर सोपवला. वार्षिक चाचण्या आणि गटवार निकाल राहिले, आणि ते राहिले हे बरं झालं.

जागावाटपाचं गणित

२००७ साली सिएटल आणि लुइव्हिलच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार अरुंद केलं: स्वेच्छेने शाळा मिश्र ठेवणाऱ्या डिस्ट्रिक्टलाही एकेका मुलाचा वंश पाहून जागा देता येणार नाही. शाळेची जागा आणि परिसराच्या सीमा मात्र सर्वांचा विचार करून ठरवता येतील, असं न्यायमूर्ती केनेडी यांच्या मतातून निघालं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेकडे याचा तयार नमुना होता. शहराचे खाडीपासून टेकडीपर्यंत जाणारे तीन उभे पट्टे, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात सखल भागातली गरीब वस्ती आणि टेकडीवरची श्रीमंत वस्ती दोन्ही. मग चार ते आठ गल्ल्यांचे सुमारे ४४० लहान तुकडे. प्रत्येक तुकड्याला तिथलं उत्पन्न, प्रौढांचं शिक्षण आणि मुलांचं वांशिक प्रमाण पाहून १, २ किंवा ३ असा क्रमांक. पालक शाळांचा पसंतीक्रम देतात आणि संगणक प्रत्येक शाळेत तिन्ही क्रमांकांचं प्रमाण पट्ट्याच्या सरासरीजवळ ठेवतो. मुलाचा स्वतःचा वंश कुठेही विचारात येत नाही. २००९ साली राज्याच्या न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली.

पसंतीक्रमावरून जागा वाटण्याची रीतही बघण्यासारखी आहे. बॉस्टनची जुनी रीत होती: आधी सगळ्यांची पहिली पसंती बघायची, जागा कायमची द्यायची, मग उरलेल्यांची दुसरी पसंती. पहिली पसंती हुकली की दुसऱ्या शाळेच्या जागा ज्यांनी ती पहिली लिहिली त्यांनी घेतलेल्या असायच्या. त्यामुळे माहीतगार पालक आवडती शाळा न लिहिता मिळण्याजोगी लिहायचे, आणि प्रामाणिकपणे लिहिणारे फसायचे. २००५ मध्ये रीत बदलली. नव्या रीतीत प्रत्येक फेरीतली जागा तात्पुरती असते. नंतर अग्रक्रमाने वरचा अर्जदार आला तर आधीचा बाहेर पडतो आणि त्याची पुढची पसंती तपासली जाते. कोणालाच हलवावं लागत नाही तेव्हा यादी पक्की होते. इथे मनातली खरी पसंती लिहिण्यात तोटा नसतो. न्यूयॉर्कने हीच रीत २००३ मध्ये माध्यमिक प्रवेशाला लावली. आधी सुमारे ३०,००० मुलांना न मागितलेली शाळा मिळायची, पहिल्याच वर्षी तो आकडा ३,००० च्या आसपास आला. या रीतीमागच्या गणितासाठी लॉइड शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण सूत्रात एक बारीक कलम असतं, ते आरक्षणाचा वाद जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला लगेच कळेल. बॉस्टनने प्रत्येक शाळेच्या निम्म्या जागा चालत जाण्याजोग्या अंतरावरच्या मुलांसाठी राखल्या होत्या. समजा १०० जागा, जवळचे १०० अर्जदार आणि लांबचे १००, सोडतीचे क्रमांक सगळ्यांत सारखे विखुरलेले. राखीव ५० जागा आधी भरल्या तर त्या जवळच्यांपैकी उत्तम क्रमांकाच्या ५० जणांना जातात. मग खुल्या ५० जागांसाठी जवळचे उरतात ते मागच्या क्रमांकांचेच, त्यामुळे त्या सगळ्या लांबच्यांना मिळतात. हिशेब ५०-५०, म्हणजे राखीव जागा नसत्या तरी हेच झालं असतं. खुल्या जागा आधी भरल्या तर त्यात २५ जवळचे आणि २५ लांबचे येतात, मग राखीव ५०, एकूण जवळचे ७५. संख्या तीच, क्रम बदलला की निकाल बदलतो. बॉस्टनमध्ये राखीव जागा आधी भरल्या जात होत्या आणि वर्षानुवर्षं दोन्ही बाजू एका निष्प्रभ तरतुदीवरून भांडत होत्या. भारतात गुणवत्तेने खुल्या जागेत बसणारा राखीव उमेदवार खुल्यात धरतात, ते याच कारणाने.

संगणक नियम पाळतो, नियम ठरवणं माणसांकडेच राहतं. ब्रुकलिनच्या पंधराव्या उपविभागाने २०१९ पासून ११ मध्यम शाळांतली (सहावी ते आठवी) गुण, हजेरी पाहून होणारी निवड काढून टाकली आणि ५२ टक्के जागांवर गरीब, बेघर आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना प्राधान्य दिलं. सूत्र तेच होतं, नियम बदलला म्हणून वर्ग बदलले.

तार, टॅबलेट आणि शाळेची भिंत

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या फक्त ३ टक्के वर्गखोल्यांत इंटरनेट होतं, २००५ मध्ये ९४ टक्के. यात मोठा वाटा १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून आलेल्या ई-रेट योजनेचा. टेलिफोन बिलांतून जमणाऱ्या निधीतून शाळांना जोडणीवर २० ते ९० टक्के सवलत मिळते आणि सवलत गरिबीनुसार ठरते. मोफत किंवा स्वस्त जेवणाला पात्र मुलं ७५ टक्के किंवा जास्त असतील तर ९० टक्के, ५० ते ७४ असतील तर ८० टक्के. महिन्याचं बिल १,००० डॉलर असेल तर सर्वांत गरीब शाळा १०० डॉलर भरते. शाळेने आधी गरज जाहीर करायची, किमान २८ दिवस थांबायचं, आलेल्या दरांत किमतीला सर्वाधिक महत्त्व देऊन निवड करायची आणि मग अर्ज भरायचा. एक तारीख चुकली तर वर्षाचा पैसा जातो, म्हणून छोटी डिस्ट्रिक्ट सल्लागार नेमतात. वंशाचा उल्लेखही न करता पैसा गरज असेल तिथे जास्त जातो, ही या योजनेची खुबी.

तिची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. ती जोडणी देते, मुलाच्या हातात उपकरण देत नाही, आणि मुलाच्या घरापर्यंत पोहोचत नाही. २०२० च्या साथीत शाळा बंद झाल्या आणि नव्वद टक्के सवलतीचं इंटरनेट रिकाम्या इमारतींत राहिलं. मुलं ग्रंथालयांच्या आणि उपाहारगृहांच्या वाहनतळांवर बसून अभ्यास करत होती. केंद्राने घरच्या जोडणीसाठी ७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा तातडीचा निधी दिला, तो संपल्यावर प्रश्न पुन्हा डिस्ट्रिक्टच्या तिजोरीवर आला.

उपकरणांचा अनुभव लॉस एंजेलिसने महागात घेतला. २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची एक अब्ज डॉलरहून मोठी योजना सुरू झाली. काही आठवड्यांत मुलांनी नियंत्रणाचं प्रोफाइल काढून टाकलं आणि बंद ठेवलेल्या साइट उघडल्या. सोबत घेतलेला डिजिटल अभ्यासक्रम अपुरा होता. टॅबलेट फुटला तर भरपाई कोणाची, हेही आधी ठरलं नव्हतं. खरेदीप्रक्रियेवर प्रश्न उठल्यावर २०१४ मध्ये कंत्राट थांबलं. मेनमध्ये २००२ पासून सातवीच्या मुलांना लॅपटॉप दिले गेले ती योजना टिकली, कारण शिक्षकांचं प्रशिक्षण, दुरुस्ती आणि शाळेतलं नेटवर्क तिचाच भाग होतं. क्रोमबुक, म्हणजे शाळांतले स्वस्त लॅपटॉप, घेताना तर एक तारीख बघावीच लागते: सुरक्षा अपडेट कधी थांबणार. ती खरेदीच्या दिवसापासून नव्हे, मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. जुनं मॉडेल स्वस्तात घेणाऱ्या गरीब डिस्ट्रिक्टची यंत्रं म्हणून लवकर निकामी व्हायची.

तंत्रज्ञानाने हद्द अधिक ठसठशीतही केली आहे. घरविक्रीच्या साइटवर प्रत्येक घराशेजारी शाळेचा १ ते १० असा गुणांक दिसतो. त्यात चाचणीच्या गुणांना मोठं वजन असतं, आणि चाचणीचे गुण घरच्या उत्पन्नाबरोबर चढतात. ३ गुणांकाच्या शाळेत मुलं वर्षभरात खूप प्रगती करत असतील, ९ गुणांकाच्या शाळेत ती आधीपासूनच पुढे असतील. घर घेणाऱ्यांनी, आपल्या मराठी कुटुंबांनीही, एकूण आकडा सोडून "वाढ" किंवा "प्रगती" हा रकाना आणि आपल्या मुलासारख्या मुलांच्या गटाचा निकाल बघावा. तो तिथेच थोडा खाली दिलेला असतो.

हद्दी बदलू शकतात, आणि त्या नेहमी जोडण्यासाठीच बदलतात असं नाही. टेनेसीत मेम्फिस शहराचं डिस्ट्रिक्ट २०१३ मध्ये भोवतालच्या काउंटीत विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी सहा उपनगरांनी वेगळी डिस्ट्रिक्ट काढली. अलाबामातल्या गार्डनडेलने तेच करायचा प्रयत्न केला, तो २०१८ मध्ये अपील न्यायालयाने रोखला, कारण काउंटीवर शाळांतलं वेगळेपण संपवण्याचा जुना आदेश अजून लागू होता.

हद्द ओलांडण्याचा आदेश मिळाला तो कनेटिकटमध्ये, राज्याच्या घटनेखाली. हार्टफर्डच्या शेफ खटल्यात १९९६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की गावाची वेस हीच डिस्ट्रिक्टची वेस ठरवणारा राज्याचा कायदा हे वेगळेपणाचं सर्वांत मोठं कारण आहे, हेतू काहीही असो. त्यानंतर शहर आणि उपनगर दोन्हींतली मुलं येतील अशा कला, विज्ञान, माँटेसरी अशा विषयांच्या खास शाळा निघाल्या. उपनगरी शाळांनी हार्टफर्डच्या मुलांना जागा द्यायच्या आणि जितक्या जास्त जागा, तितकं विद्यार्थ्यामागे अनुदान जास्त. प्रवेश सोडतीने, बस राज्याच्या खर्चाने. अडचण आली ती प्रमाणाच्या अटीत. खास शाळेत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं ७५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत असा नियम होता, त्यामुळे उपनगरातून पुरेसे अर्ज आले नाहीत की जागा रिकाम्या राहायच्या आणि हार्टफर्डची मुलं प्रतीक्षायादीत. पालकांनी त्यावर खटला भरला. त्यानंतर वंशाऐवजी वस्तीची आर्थिक स्थिती पाहून सोडत काढायला सुरुवात झाली. २०२२ च्या तडजोडीत राज्याने मान्य केलं की हार्टफर्डच्या ज्या मुलाला अशी जागा हवी आहे त्याला ती देता येईल इतक्या जागा टप्प्याटप्प्याने वाढवायच्या.